मोटारीला वाळ्याचे तट्टे

आमचे शेजारी रेल्वेत साहेब होते. बोलताना दर वाक्यानंतर ते मिशीवर बोट फिरवत, जणू वाक्याखाली सही करत. मोटार घेतल्यावर पोर्चला त्यांनी स्वतः अर्धी उघडी जाळी आखून बसवून घेतली. ऊन अडावं, पण गाडी रस्त्यावरून दिसावी. ऐन मे महिन्यात त्यांनी मला ती पाहायला बोलावलं. जाळीवर वाळ्याचे ओले तट्टे लटकत होते.

"हे तर तुमच्या बाबांच्या खोलीतले!"

"हो जी. उन्हानं रंग उडतो गाडीचा."

"आणि बाबा?"

"त्यांचा कसला रंग उडतोय, भैया!"

तेवढ्यात जाळीतून माझ्यावर पाण्याचे शिंतोडे आले. मी पलीकडे डोकावलो. भर उन्हात, डोक्याला पंचा गुंडाळून, त्यांचे म्हातारे वडील तांब्याने तट्टे भिजवत होते.