थांबा, चिन्ह पाह्यतो

बोलता बोलता त्या एकदम तळहात वर करायच्या आणि म्हणायच्या, "थांबा, चिन्ह पाह्यतो." समोर प्राचार्य असोत की चहावाला, मॅडम मनातल्या गणितातलं अधिक-उणे तपासेपर्यंत त्याला थांबावंच लागायचं. आमच्याकडच्या बायका 'येतो-जातो'च म्हणतात; डॉक्टरेट झाली तरी मॅडमचं ते सुटलं नव्हतं.

मंगरूळपीरच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. मॅडमचं गाव इंझोरी. बंगळूरला स्ट्रिंग थिअरीत, म्हणजे तारांच्या सिद्धांतात, पीएचडी केली, पुढचं संशोधनही सुरू झालं, तेवढ्यात वडिलांना लकवा मारला. आई आधीच गेलेली. मॅडम परत आल्या, नोकरी धरली आणि वडिलांना घेऊन आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहू लागल्या.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, बसलेली असली तरी बसलेली न वाटणारी. स्टाफरूममध्ये मॅडम खिडकी ते माठ, माठ ते खिडकी अशा फिरायच्या. बोटं हवेत काहीतरी लिहीत असायची. आमचे रसायनशास्त्राचे सर एकदा म्हणाले, "मॅडम, तुमच्या त्या तारेवर कपडे तरी वाळतात का?"

"वाळत नाईत. पन तुमच्या प्रयोगशाळेतबी काय शिजून राह्यलं?"

मी विचारलं तर मात्र त्या मन लावून सांगायच्या. दोन कण एकमेकांवर आदळले तर काय होण्याची शक्यता किती, हे काढायचं. कण म्हणजे इवलीशी थरथरणारी तार. ती अगणित रीतींनी थरथरते, म्हणून कणांची गर्दीही न संपणारी. पण तारेवर लाटा दोन्हीकडे धावतात. त्यातल्या एकाच बाजूच्या लाटांसाठी चिन्ह उलटं घेतलं, की ती कायरल तार. मग गर्दी आपसातच खोडली जाते आणि मोजकेच कण उरतात. साध्या टकरीत हे जमतं, हे माहीत होतं. गुंतागुंतीच्या टकरीत मध्येच नवे कण जन्मून मिटतात, तिथंही जमतं का, हे मॅडम शोधत होत्या.

वडील खाटेवरून विचारायचे, "कायचा हिशोब करून राह्यली, माय?"

"टकरीचा, बाबा."

"कोनाची झाली?"

"दिसत नाईत अशाईची."

"मंग लागते कोनाले?" आणि स्वतःच हसायचे.

उत्तर 'जमतं' असं आलं. मॅडमचा लेख छापून आला, आणि त्याच्या जोरावर परदेशातल्या एका संस्थेनं बोलावलं. कॉलेजात सत्कार झाला. हार गळ्यात असताना त्या व्यासपीठावरही येरझारा घालत होत्या.

पुढच्या रविवारी सकाळी त्या आमच्या अंगणात आल्या. बायकोनं खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. वाळत घातलेल्या तुरीला वळसा घालत फिरत राहिल्या.

"चुकलं, सर. एक चिन्ह चुकलं. गर्दी खोडल्या जात नाई, उरते."

"कुणाच्या लक्षात आलंय?"

"कोनाच्याच नाई."

"मग?"

"मंग काय? माह्या आलं ना."

त्याच दिवशी त्यांनी लेख मागे घेत असल्याचं नियतकालिकाला कळवलं, आणि संस्थेलाही. उत्तर सभ्य भाषेत आलं: यंदा ती जागा दुसऱ्याला देत आहोत. मॅडमनी मला ते वाचून दाखवलं, फोन पर्समध्ये टाकला आणि बारावीच्या तासाला गेल्या.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. त्या खंगल्या. पोरांवर खेकसायच्या, मग वर्गात परत जाऊन त्यांची माफी मागायच्या. जेवताना घास हातातच राहायचा. वडिलांचे पाय चेपता चेपता ओठ हलायचे. सगळं गणित त्यांनी पहिल्यापासून पुन्हा केलं. एका दुपारी स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "मले पाह्यजे होतं त्याच्या उलटं निघालं, सर. पन पक्कं निघालं." आणि डोळे पुसले. ते दुःख होतं की सुटका, मला आजही सांगता येत नाही.

तो उलटा निकालही छापून आला. तो वाचून एका दुसऱ्याच, थंड देशातल्या विद्यापीठानं बोलावलं. आता मॅडमचा पाय निघेना. वडिलांनीच विषय संपवला. "माह्यापाशी बसून माहा पाय उठनार हाये का? जाय तू." मॅडमची धाकटी बहीण त्यांना इंझोरीला घेऊन गेली, आणि मॅडम गेल्या.

परवा मी इंझोरीला त्यांच्या वडिलांना भेटायला गेलो. बहिणीनं व्हिडिओ कॉल लावून फोन तांब्याला टेकवून ठेवला होता. मॅडमच्या मागे भरलेला फळा, त्याच्या बाजूच्या खिडकीत बर्फ. त्या हातवारे करत काहीतरी सांगत होत्या आणि मध्येच रेंज गेली. तोंड अर्धवट उघडं, केस उडालेले, चित्र तसंच थांबलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं स्तब्ध कधीच पाहिलं नव्हतं.

"लावू का पुन्हा?" मी विचारलं.

"राहू द्या," म्हातारा म्हणाला. त्यानं चांगला हात पुढे केला आणि काचेवरून, तिच्या गालावरून, अंगठा फिरवला. "पाहू द्या जरा."