कुणीतरी पान धरून बसलंय

नांदेडला आमचं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं सेंटर आहे. कॉम्प्युटर दोनच, एकावर मी, दुसऱ्यावर नवरा. एकच अर्ज दोघांनी उघडला की कुणाचं तरी काम वाया जातं, हे आम्ही एकमेकांवर चिडून चिडून शिकलो. मग रीतच पाडली. अर्ज उघडला की मोठ्यानं ‘धरलं’ म्हणायचं, बंद केला की ‘सोडलं’. गिऱ्हाइकं हसतात. हसू देत. पण ही रीत आमच्या चार भिंतींत चालते. पासवर्ड अख्ख्या भावकीकडे असेल तर ओरडून काय उपयोग?

मेडिकलच्या प्रवेशासाठी कॉलेजांचा क्रम भरायचा शेवटचा दिवस होता. पाच वाजता साइट बंद होणार होती. दुपार कलल्यावर अर्धापूरचे एक केळीवाले गृहस्थ आले. मुलगी लातूरला हॉस्टेलवर राहून शिकलेली, मार्क उत्तम, अजून तिथंच होती. तिनं स्वतःच क्रम भरला होता: आधी नागपूर, मग नांदेड. यांना नांदेड वर हवं होतं.

“एवढं वर-खाली करायचं, ताई. दोन मिनिटांचं काम हाय.”

मी अर्ज उघडला तर वर लाल पट्टी. ‘दुसरा वापरकर्ता या अर्जात बदल करत आहे.’ नळाला एकाची घागर लागली की बाकीच्यांनी थांबायचं, तसंच हे. क्रमाचं पान एकानं उघडलं की दुसऱ्याला नुसतं बघता येतं, बदलता येत नाही.

“पासवर्ड कुणाकुणाला दिलाय?”

“पोरीला. लातूरच्या क्लासच्या सरांना. लोह्याच्या साडूला. मुदखेडच्या दाजींना.”

“गावात दवंडी द्यायची राहिली का मग?” माझं डोकं फिरलं होतं. बाहेर रांग, आत हा घोळ.

त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. साडू म्हणाले, सकाळीच बघून बंद केलं. सर म्हणाले, मी उघडलंच नाही. मुदखेडचे दाजी स्पीकरवर खणखणीत आवाजात म्हणाले, “आम्ही बंद केलं की कवाच. नांदेडच वर टाका बरं!” फोन ठेवून गृहस्थांनी खुलासा केला, “बहिणीच्या पोराला द्यायचं ठरलंय हिला. शब्द दिलाय म्या. नांदेडात राहिली की दुसऱ्या वर्षाला उरकून टाकू.”

मुलगी तेवढी फोन उचलत नव्हती.

मी पुन्हा पुन्हा पान उघडत होते. पट्टी हलेना. घड्याळ पाचाकडे सरकत होतं. आणि एक गोष्ट खटकली. त्या साइटवर थोडा वेळ कुणाचा हात लागला नाही की पान आपोआप सुटतं. विसरून उघडं राहिलेलं असतं तर एव्हाना सुटलं असतं. म्हणजे कुणीतरी जागेवर बसून त्याला सारखा हात लावत होतं.

मी त्यांच्याकडून मुलीचा नंबर घेतला, माझा फोन घेऊन पायऱ्यांवर गेले आणि तिला लावला. घरचा नंबर नाही म्हणून तिनं उचलला.

“पान तूच धरून बसलीयस ना?” मी विचारलं.

आधी दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “मावशी, नांदेडला आले की घरी. घरी आले की लग्न. मी पाचपर्यंत न्हाई सोडणार.”

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. आत आले तर गृहस्थ लगेच म्हणाले, “दुसरा काही मार्ग असंल ना?”

होता. पासवर्ड बदलला की ती बाहेर फेकली गेली असती, आणि त्यासाठीचा ओटीपी यांच्याच मोबाईलवर आला असता. खोटं बोलणं मला जमत नाही. मी सगळं सांगितलं, ती का बसलीय तेही. वर म्हटलं, “पण मी नाही करणार. समोर दुसरं सेंटर आहे, तिकडं जा.” नवऱ्यानं डोळे वटारले. वटारू देत.

ते गेले नाहीत. टेबलावरचा माझा मोबाईल माझ्याकडे सरकवून म्हणाले, “तुमच्या फोनवरून लावा. माझा उचलत न्हाई ती.”

लावला. स्पीकरवर बाप नुसतं म्हणाला, “सोड, बाई.”

“सोडते,” ती म्हणाली. “पण त्या मावशींना बदलायला सांगू नका. तुमच्या हातानं बदला.”

पट्टी गेली. पान मोकळं झालं. मी खुर्चीतून उठले, ते बसले. नागपूरच्या समोरचा बाण कसा दाबायचा ते मी दाखवलं. एकदा दाबलं की नांदेड वर. त्यांनी माउसवर हात ठेवला. रांगेतला कुणीतरी ‘आटपा की’ म्हणून ओरडला, मी त्याच्यावर खेकसले. फोन चालूच होता, त्यातून पोरीचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, दाबतील. शब्द दिलेला माणूस, दाबणारच. हाताची बोटं दोनदा हलली. बाण तिथंच होता, त्यांची नजरही तिथंच.

पाच वाजले. पान करडं पडलं. वर नागपूर, खाली नांदेड.

“बंद झालं का गं?” त्यांनी फोनवर विचारलं. पलीकडून फक्त हुंदके आले. ते उठले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

“ताई, मुदखेडहून बहिणीचा फोन येईल. तिला सांगजा, शेवटपर्यंत लॉकच होतं म्हणून.”

खोटं बोलणं मला जमत नाही. संध्याकाळी फोन आला, आणि ते म्हणाले होते तसंच मी सांगितलं.