श्राद्धाच्या घासाला आलेला कुरव

मंडळी, दुपारपासून हे कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

गेले दोन हिवाळे मी ग्रुपवर सांगतोय, आमच्या नृसिंहवाडीत नदीवर कुरव येतात. पक्षी समुद्रावरचे, पण थंडीत एवढ्या आत येतात. घराच्या गच्चीवरून एक तरी जवळचा फोटो मिळावा म्हणून मी ताटकळतो, आणि ते नदी सोडत नाहीत.

आज बाबांचं वर्षश्राद्ध होतं. गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं आणि आम्ही जिन्यात उभं राहून कावळ्याची वाट बघायला लागलो. कॅमेरा सवयीनं गळ्यात होताच. अर्धा तास गेला तरी कावळा येईना. खाली पंगत खोळंबलेली.

तेवढ्यात एक कुरव थेट कठड्यावर उतरला. माझ्यापासून चार हातांवर.

"हाकल की त्येला," काका म्हणाले. "त्यो असल्यावर कावळा कसा येणार?"

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "जन्मभर समुद्र बघायला जाऊया म्हणत हुतं. म्हशी कुणावर सोडायच्या म्हणून एकदाबी गेलं न्हाईत. आता तिकडनंच आल्यात."

कुरवानं भाताचा घास उचलला आणि नदीकडं गेला. आईनं खाली हाक दिली, "वाढा पानं."

आत्ता ती माझ्या शेजारी येऊन बसलीय. "फोटू दाव की त्यांचा," म्हणते.

तुम्हीच सांगा, तिला काय दाखवू? त्या वेळी माझे हात जोडलेले होते.