वाळूवरचा बूबी

खोल समुद्रावर हिंडणारा बूबी पक्षी कुठे बघायला मिळेल, असं मी कित्येक वर्षं आमच्या बंदरावरच्या म्हाताऱ्या तांडेलाला विचारायचो. "आत, लांब," तो म्हणायचा. "किनाऱ्यावर दिसला तर संपला म्हणून समजा."

काल वादळ ओसरल्यावर एक बूबी वाळूत बसलेला दिसला. मी हरखून दुर्बीण काढली, पण तिची गरजच नव्हती. हात लावला तरी तो उडाला नाही. नुसता समुद्राकडे बघत राहिला.

माझा थोरला भाऊ जन्मभर बोटीवर होता. आम्ही त्याची वाट बघायचो. मग एकदा तो कायमचा घरी आला, खिडकीशी पलंग लावून घेतला आणि पुन्हा उठलाच नाही.

तो आला त्या दिवशी मी वाडीभर पेढे वाटले होते.