साडूची सावलीतली गाडी

वेगाचं एवढं वेड असलेला आणि तरीही जागचा इतका कमी हललेला माणूस माझ्या साडूसारखा दुसरा त्रिखंडात सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून तो माझ्या पदरात पडला. साडू कुणी निवडून घेत नाही. तो लग्नात आहेराबरोबर येतो आणि परतही करता येत नाही. मेलबर्नच्या वेरिबीत आम्ही दोघंही राहतो, चालत जाण्याच्या अंतरावर. दिवसा तो एका ऑफिसच्या कॉम्प्युटरांची निगा राखतो आणि उरलेलं आयुष्य गॅरेजमध्ये गाडीखाली पाठीवर झोपून काढतो. त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याचे तळपाय मी जास्त ओळखतो. एकदा पुण्याहून आलेल्या माझ्या मित्राची ओळख करून द्यायला नेलं, तर त्याने गाडीखालूनच एक काळा हात बाहेर काढला. मित्राने तो भक्तिभावाने हलवला आणि रुमाल कायमचा वाया घालवला.

त्या गॅरेजमध्ये जी होती ती सत्तरच्या दशकातली, दोन दारांची, आठ सिलिंडरांच्या व्ही-एट इंजिनाची अस्सल ऑस्ट्रेलियन मसल कार. साडूने ती कुणाच्या तरी शेतावरून, कोंबड्यांना बाहेर काढून, उचलून आणली होती. तेव्हापासून ती 'पुढच्या महिन्यात' रस्त्यावर येणार होती. हा पुढचा महिना आमच्या खानदानात इतका रुजला की मागचा नळ कधी दुरुस्त करणार असं बायकोने विचारलं आणि मी 'पुढच्या महिन्यात' म्हणालो, की ती शांतपणे विचारायची, "त्याच्या गाडीच्या आधी की नंतर?" रोजच्या वापराला त्याच्याकडे एक यूट होती. यूट म्हणजे पुढून कार आणि मागून टेम्पो. पण तीही त्याने सुखाने राहू दिली नाही. तिचं सस्पेन्शन उचललं, तिला ट्रॅक्टरला शोभतील असे टायर घातले, आणि शेवटी ती इतकी उंच झाली की माझ्या मेव्हणीला आत चढायला प्लॅस्टिकचं स्टूल लागायला लागलं. ते स्टूल मागच्या हौद्यात दोरीने बांधलेलं असे. दुकानापाशी उतरताना साडू आधी उडी मारायचा, धावत मागे जायचा, स्टूल सोडायचा आणि दारापाशी ठेवून उभा राहायचा. महाराणी उतरल्यासारखी मेव्हणी उतरायची, फक्त तोंडाने जे चाललेलं असायचं ते महाराणीला शोभणारं नसायचं.

आणि त्याचे कान! आमच्याकडे सत्यनारायण होता. कथा रंगात आलेली, आणि बाहेरून एक गाडी घुमत गेली. साडूने हात जोडलेल्या अवस्थेतच डोळे मिटले आणि म्हणाला, "व्ही-एट आहे. पण कॅम बदललाय." गुरुजी थांबले. आता हा बोलणी खाणार म्हणून मी खूश झालो. पण गुरुजीही इथलेच, सोमवार ते शुक्रवार आयटीतले. ते म्हणाले, "आवाजावरून कळतं?" पुढे साधुवाण्याची नाव बराच वेळ नदीतच उभी राहिली.

अशा घरात माझ्या सासूबाई अडकल्या. त्या आल्या होत्या दोन्ही लेकींकडे आळीपाळीने राहायला. आमच्याकडचा मुक्काम आटपून साडूकडे गेल्या आणि करोनाने जग बंद झालं. संगीतखुर्चीत गाणं थांबल्यावर जो तो जिथे असेल तिथे बसतो, तशा त्या तिथेच बसल्या. पुण्यात सासरे एकटे. फोनवर ते रोज "माझं मस्त चाललंय" म्हणायचे आणि त्यांच्या मागे ओट्यावरचं करपलेलं पातेलं सगळं खरं सांगून टाकायचं. सासूबाई ते पातेलं बघायच्या आणि त्या दिवशी जेवायच्या नाहीत. विमानं बंद, सीमा बंद, आणि घराच्या गॅरेजमध्ये एक इंजिन, जे पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा फळीवरचे डबे चालत कडेपर्यंत आले. सासूबाई निवडायची मेथी हातात घेऊनच गॅरेजच्या दाराशी आल्या. "जावईबापू, हे बिघडलंय की हे असंच असतं?"

"आई, असं व्हावं म्हणून तर इतके महिने खपतोय," साडू म्हणाला.

"बरं," असं म्हणून त्या आत गेल्या आणि त्यांनी डबे खालच्या फळीवर ठेवले.

आमच्याकडे तेव्हा घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायचं असा नियम होता. पाच किलोमीटर म्हणजे त्या गाडीला नुसती जांभई. पण साडूला त्याचं काहीच वाटलं नाही. तसाही तो कुठे जात होता? त्याला उलट सरकारने सुट्टी दिल्यासारखं झालं. सासूबाई 'चहा झालाय' हे सांगायला गॅरेजमध्ये जायच्या, त्या हळूहळू तिथे थांबायला लागल्या. आधी नुसत्या उभ्या, मग खुर्चीवर, मग हातात टॉर्च धरून. जुना तांब्याचा रेडिएटर त्यांनी चिंच आणि मीठ लावून असा लखलखीत केला की त्यात पाणी तापवून आंघोळ करावी. सुटे नटबोल्ट हरवतात म्हणून साडू चिडायचा, तर त्यांनी आपल्या लेकीचा मिसळणाचा डबाच त्याला देऊन टाकला. मोहरीच्या वाटीत वॉशर, हळदीच्या वाटीत बारके स्क्रू. मेव्हणीने फोडणी कशातून करायची हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. घराबाहेर पडायला मिळणारा माझा व्यायामाचा तास असायचा तेव्हा मी मास्क लावून त्यांच्या ड्राइव्हवेच्या टोकाला उभा राहायचो आणि हा संसार बघायचो. एके दिवशी गाडीखालच्या तळपायांना उद्देशून सासूबाई म्हणाल्या, "अरे, डावीकडे प्रकाश पाहिजे तर नीट सांग ना!" मी उडालोच. अरे! मी थोरला जावई, लग्नाला इतकी वर्षं झाली, मला अजून 'अहो जावईबापू' आणि दिवाळीला सुपारीचा मान. आणि या ग्रीसने माखलेल्या माणसाला 'अरे'! घरी येऊन मी ही तक्रार बायकोकडे केली. ती म्हणाली, "त्याची आई तो शाळेत असतानाच गेली. तुला माहीत नाही?" मला माहीत नव्हतं. तो अशा गोष्टी बोलत नाही. तो कार्ब्युरेटरबद्दल बोलतो.

दसरा आला तेव्हा गाडीला पांढरा रंग मारून झाला होता. शुभ्र, जरा मोत्याची झाक असलेला. या रंगाची स्वप्नं त्याने वर्षानुवर्षं बघितली होती. उन्हाळ्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे ही न्यायची, आणि बॉनेट असं की न्याहाळणाऱ्याला त्यात स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे. वरचा चकचकीत थर अजून द्यायचा होता, तोवर रंग कोरा, खडूसारखा. जे लागेल ते पिऊन टाकणारा. साडूने गॅरेजच्या दाराला दोरी बांधली. बायकोला बजावलं, मुलीला बजावलं, मला तर फोन करून बजावलं, की कुणीही बोट लावायचं नाही. सासूबाईंना तेवढं सांगितलं नाही. त्या बाहेरच्या थोड्याच होत्या?

आणि दसऱ्याला वाहनाची पूजा करायची नाही तर कधी? सकाळी तो उठायच्या आत सासूबाईंनी आंघोळ करून, दोरीखालून वाकून, सगळं यथासांग केलं. चाकांखाली परसातली लिंबं, झेंडू नाही म्हणून रस्त्याकडेच्या गवतातली पिवळी फुलं, आणि बॉनेटवर, अगदी मधोमध, ओल्या हळदीकुंकवाची पाच-पाच बोटं ओढलेली.

आम्ही कुंपणावरून सोनं द्यायला पोचलो तेव्हा गॅरेजचं दार उघडं होतं आणि साडू उभा होता. इतका वेळ उभा राहिलेला त्याला मी पहिल्यांदाच पाहत होतो. मेव्हणीने तोंडावर हात ठेवला होता. त्यांची लेक तेवढी बोलली, "आज्जी, यू रूइन्ड इट!" सासूबाईंनी एकदा नातीकडे पाहिलं, एकदा जावयाकडे, आणि हातातलं तबक खाली ठेवून पदराने बॉनेट पुसायला धावल्या.

"नको आई, राहू दे," साडू म्हणाला.

कुंकू बरंचसं निघालं. हळद बसली. हळदीची ती पाच बोटं रंगात अशी मुरली की साडूने नंतर तऱ्हेतऱ्हेची द्रावणं लावूनही हलली नाहीत.

"हळदच आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढासा झाला होता. "दोन दिवस कडक उन्हात ठेवा. उडून जाईल. साड्यांवरची जाते."

"नो वरीज, आई," तो म्हणाला. "ठेवतो उन्हात."

पण ते मेलबर्न. आठवडाभर ऊन पडलं नाही. सासूबाई खिडकीशी उभ्या राहून आभाळाकडे बघायच्या, सासऱ्यांच्या पातेल्याकडे बघायच्या तशाच. गॅरेजमध्ये त्या पुन्हा गेल्या नाहीत. चहा झाला की नातीला पाठवायच्या. आणि साडू दिसला की "अहो जावईबापू, जेवायला चला." एवढ्या दिवसांचं 'अरे' एका सकाळी गेलं. मी मनातल्या मनात खूश व्हायला हवं होतं, पण नाही झालो. साडू टॉर्च दातात धरून काम करायला लागला होता आणि ते बघवत नव्हतं.

तेवढ्यात भारतात जाणाऱ्या खास विमानात सासूबाईंना जागा मिळाली. निघायला हाताशी फार वेळ नव्हता. साडूने जाहीर केलं, "आईंना मी नेणार. या गाडीतून." सगळे नको म्हणाले. वरचा थर नाही, बॉनेटवर डाग, जुन्या गाडीचा परवाना नुकताच हातात आलेला. पण त्याने त्यांना हाताला धरून पुढे बसवलं, मांडीवर पर्स दिली आणि गाडी बाहेर काढली. मी दोघी बहिणींना आणि बॅगा घेऊन मागच्या गाडीत होतो. जी गाडी कधी रस्त्यावर आली की वीज चमकावी तशी जाणार होती, ती फ्रीवेवर सगळ्यात डावीकडून दूधवाल्याच्या सायकलीच्या चालीने चालली होती. ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात होते. काचेतून मला दोन डोकी दिसत होती. एक सरळ समोर बघणारं, दुसरं सारखं त्याच्याकडे वळणारं. विमानतळावर कुणालाच आत सोडत नव्हते. सासूबाईंनी दारातच लेकींना जवळ घेतलं, मला "जपून राहा हो" म्हणाल्या, आणि मग बॉनेटपाशी गेल्या. हात लावला नाही. "उन्हात ठेवशील ना रे?"

"ठेवतो, आई."

त्यानंतर उन्हाळा असा तापला की घरांचे पत्रे वाजायला लागले. साडूने गाडीला चकचकीत थर दिला, डागांसकट. मी म्हटलं, आधी बॉनेट तरी नीट कर. तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात." आणि एक नवीनच खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. गाडी सावलीत पाहिजे. मॉलच्या पार्किंगमध्ये एकुलत्या एका झाडासाठी तो प्रदक्षिणा घालायचा. नदीकाठी बार्बेक्यूला गेलो, तर सावली सरकली की हा हातातला चिमटा टाकून उठायचा आणि गाडी सरकवायचा; तोवर आमची कणसं कोळसा. एरवी बॉनेटवर सासूबाई विसरून गेलेली गोधडी. "अरे, मर्दानी गाडी तुझी, आणि बुरख्यात?" मी म्हणालो. तो नुसता हसला. प्रदर्शनातही तेच. सगळ्यांनी आपापल्या गाड्या झाडांपासून लांब, उन्हात लावलेल्या, कारण गमट्रीचा, म्हणजे निलगिरीच्या झाडाचा, चीक आणि काकाकुव्यांची शीट रंग खातात. साडूची एकटीची गाडी नेमकी गमट्रीखाली. एक टोपीवाला म्हातारा बॉनेटपाशी वाकला. "मेट, व्हॉट हॅपन्ड हिअर?"

"मदर-इन-लॉ," साडू म्हणाला.

म्हाताऱ्याने टोपी काढली आणि पुढे गेला. बक्षीस अर्थातच दुसऱ्या कुणाला मिळालं.

पुढचा दसरा आला तेव्हा आमच्याकडे पुन्हा लॉकडाऊन होता आणि देशाच्या सीमा अजून उघडल्या नव्हत्या. कुणी जाऊ शकत नव्हतं, कुणी येऊ शकत नव्हतं. मी सोनं म्हणून परसातली चार पानं घेऊन त्यांच्या ड्राइव्हवेत उभा होतो आणि साडू गॅरेजच्या तोंडाशी गाडीला टेकून, पुण्याला व्हिडिओ कॉलवर. सासरे छान गुबगुबीत दिसत होते. मागचा ओटा चकचकीत होता. सासूबाईंनी चष्मा नीट केला. "दसऱ्याचं हळदकुंकू लावलं का रे गाडीला? आणि डाग? गेले का ते?"

साडूने फोन जरा वर धरला, म्हणजे त्याचा चेहरा आणि मागची भिंत तेवढी दिसेल. दुसऱ्या हाताने त्याने गोधडी उचलून बघितली. मलाही दिसली. पाच पिवळी बोटं. एकीकडून किंचित फिकी झालेली, पण पाचही जागेवर.

"गेले, आई. केव्हाच गेले."

"बघ, म्हटलं नव्हतं मी?" सासूबाईंचा चेहरा असा सुटला की तिकडे सासरेसुद्धा हसले. "उगीच वर्षभर माझ्या जिवाला लागून राहिलं होतं. अरे, हळद उन्हात टिकत नाही."

"नाही टिकत, आई."

फोन ठेवून त्याने गोधडी पुन्हा अंथरली, चारी कोपरे बसवले.   ढग सरकले होते आणि ड्राइव्हवेवरचं ऊन चढत पुढच्या चाकापर्यंत आलं होतं.

"साडूभाऊ, जरा आत ढकलायला लाग," तो म्हणाला.

"चालू कर की."

"नको. इंजिनाने बॉनेट तापतं."

मी हातातली पानं खिशात ठेवली, बाह्या सारल्या आणि ढकलायला लागलो.