आठ खुणा, एक बोट

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासात बसवेश टायपिंग आणि टॅली शिकवायचा, पण त्याचा जीव जडला होता कॉम्प्युटरच्या भलत्याच भाषेवर. ती त्याला नेट कॅफेत सापडली होती. तिचं इंग्रजी नाव वडीलधाऱ्यांसमोर घेण्यासारखं नव्हतं, म्हणून तो तिला आठखुणी म्हणे. तिच्यात शब्दच नव्हते, नुसत्या आठ खुणा. पोटापाण्याला तिचा काडीचा उपयोग नव्हता, आणि माणसाचा जीव बहुधा असल्याच गोष्टींवर जडतो.

पोरांना ती समजावताना त्याला कागलचं वडिलांचं किराणा दुकान आठवायचं. "बरण्यांची लांबलचक रांग हाय समजा," तो म्हणायचा. "सगळ्या रिकाम्या. तुमचं बोट एका बरणीवर. एका खुणेनं बोट उजवीकडं सरकतंय, दुसरीनं डावीकडं. तिसरीनं बरणीत एक गोळी पडती, चौथीनं एक निघती. पाचवी बरणीत काय हाय ते दावती, सहावी भायेरनं आत घेती. ऱ्हायले दोन कंस. कंसातलं काम बरणी रिकामी हुईस्तवर परत परत करायचं. झाली भाषा."

"मग अक्षरं कुठनं येत्यात सर?" कुणीतरी विचारायचंच.

"पासष्ट गोळ्या झाल्या की पडद्यावर इंग्रजी ए. पर बरणीला त्ये ठावं न्हाय. तिच्यात निस्त्या गोळ्या. त्येचं काय वाचायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं." हे शेवटचं वाक्य तो मोठ्या ऐटीत टाकायचा.

वडील भीमाप्पा मूळचे निपाणीच्या पलीकडचे. तरुणपणी कागलला आले, दुकान टाकलं, तिथलेच झाले. शाळेत पोराला कुणी कानडी म्हणून चिडवू नये म्हणून त्यांनी घरात कानडी बंद केली, ती कायमची. त्यांची थोरली बहीण शिवम्मा आली की तेवढी दोघं कट्ट्यावर बसून कानडीत बोलत. बसवेश तेव्हा गल्लीत गोट्या खेळत असे.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात, कळंब्याला मुलाकडं राहायला आलेल्या भीमाप्पांना लकवा झाला. वाचा गेली, मान वळेना. डाव्या हाताचं पहिलं बोट तेवढं हलत होतं. डोळे मात्र पूर्ण जागे होते, आणि त्या डोळ्यांकडं बघवत नव्हतं.

बसवेशला आठखुणी आठवली. त्यानं पुठ्ठ्यावर स्वर आणि व्यंजनं ओळीनं लिहिली आणि वर एक चिंचोका ठेवला. आप्पांनी गादीवर बोट एकदा आपटलं की चिंचोका एक घर पुढं. दोनदा आपटलं की ते अक्षर घ्यायचं. ओळ संपली की पुन्हा अ पासून. दुकानदारीमुळं आप्पांना देवनागरी चांगली वाचता येत होती. ही खटपट बघून बसवेशच्या बायकोनं, पवित्रानं, पदर डोळ्यांना लावला.

डॉक्टर म्हणत होते, दवाखान्यात ठेवा, नळ्या घालाव्या लागतील. नवराबायकोनं उशाशी बसून खूप खल केला. शेवटी बसवेशनं आप्पांनाच विचारलं, "दवाखान्यात न्यायचं म्हंत्यात. तुमचं काय म्हणणं हाय?"

बोट चालू लागलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ब आला. मग ए. मग ड. आप्पांच्या कपाळावर घाम आला होता.

"बेड," बसवेशनं वाचलं. "बेड म्हंतायसा न्हवं, आप्पा? बेड?"

बोट दोनदा आपटलं. पुन्हा दोनदा.

बसवेश हरखून गेला. त्याची भाषा चालली होती. म्हाताऱ्याला दवाखान्यातला बेड हवा होता, यात आणखी विचारायचं काय राहिलं? त्याच संध्याकाळी अँब्युलन्स आली.

दवाखान्यातही आप्पा बोट आपटत राहिले. पुठ्ठा पुढं धरला की तेच: ब, ए, ड. "हाय की आप्पा, बेडवरच हायसा," बसवेश समजूत घालायचा. हातात थोडा जोर येताच आप्पांनी नाकातली नळी ओढून काढली. नर्सनं तो हात बँडेजच्या पट्टीनं कठड्याला बांधला. मग छाती भरली आणि श्वासाला यंत्र लागलं.

शिवम्मा एसटीनं आली. भावाच्या केसांवरून हात फिरवत तिनं विचारलं, "काय बोलला का न्हाय ह्यो?"

"बोलले की आत्ती. एकच शब्द, सारखा. बेड."

शिवम्मानं नळीकडं बघितलं, बांधलेल्या हाताकडं बघितलं. "बेड न्हवं रं लेकरा," ती म्हणाली. "बेडा. आमच्या कानडीत नको म्हनायचं आसंल तर बेडा म्हंत्यात. नको म्हनत हुता त्यो."

बसवेश पुठ्ठ्याकडं बघत राहिला. तीच अक्षरं, तशीच; फक्त शेवटचा ड पुरा उच्चारायचा होता. वाचणाऱ्यानं ठरवलं होतं.

तो डॉक्टरांकडं धावला. घरी न्यायचंय म्हणाला. डॉक्टर मऊपणानं म्हणाले, "आता यंत्र काढलं तर ते गेटपर्यंतसुद्धा जायचे नाहीत."

"आन ठेवलं तर?"

डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले. यंत्र ठेवायचाही बसवेशला धीर होईना आणि काढायचाही. त्याला स्वतःची शिसारी आली.

परत येऊन त्यानं एवढंच केलं की पट्टी सोडली. हात गार होता. त्यानं तो आपल्या तळव्यावर ठेवला, बोट वर राहील असा.

"आत्ती, घरला जाऊया ह्ये कानडीत कसं म्हंत्यात?"

"मनिगे होगोण."

तो आप्पांच्या कानाशी वाकला. "मनीला हेगोण, आप्पा."

"मनिगे," शिवम्मा म्हणाली. "होगोण."

त्यानं पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. बोट हललं नाही. तो परत परत तेच म्हणत राहिला, आणि थोड्या वेळानं शिवम्मानं त्याचा उच्चार सुधारायचं सोडून दिलं.