टपोरे ठिपके

कारखान्यात त्यांना सगळे विरजणबाई म्हणतात. हे नाव फिटरनं ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. चूकही नाही. लाकडाच्या भुशापासून काढलेल्या साखरेवर जंतू पोसायचे आणि त्यांच्याकडून प्लॅस्टिकसाठी लागणारं आम्ल करून घ्यायचं, हा इथला धंदा. मोठ्या टाकीत सोडायचे जंतू आधी वाढवून तयार ठेवणं हे बाईंचं काम.

हे जंतू आपणहून एवढं आम्ल करत नाहीत. प्रयोगशाळेत जनुकांमध्ये फेरफार करून ते काम त्यांच्या गळ्यात मारलेलं आहे. त्यात त्यांचा फायदा काहीच नाही, उलट साखर खर्ची पडते. एखाद्याच्या जनुकात बिघाड होऊन हे काम सुटलं, की तो लगेच फोफावतो. काचेच्या थाळीवर हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. आम्ल करणाऱ्यांचे ठिपके बारके आणि फिकट, कामचुकारांचे टपोरे. बाईंनी सुईच्या टोकानं बारका ठिपका उचलायचा आणि त्यापासून पुढची टाकी लावायची.

याआधी बाई पावाचं यीस्ट बनवणाऱ्या कारखान्यात होत्या. तिथं नेमकं उलटं होतं. टपोरा, पांढराशुभ्र ठिपका दिसला की तोच उचलायचा. इथं आल्यावर हात वळायला वेळ लागला, पण वळला.

यंदा त्यांचा नवरा गेला. ट्रक चालवायचा, घरात झोपेतच गेला. रजा शिल्लक असताना बाई कामावर परतल्या. सोबतीला नणंद येऊन राहिली.

"वहिनी, आमटीत मीठ टाकलंस का?"

"टाकलं असेल."

"दोनदा टाकलंयस. दादा असता तर वाटी गुपचूप माझ्याकडं सरकवली असती." नणंद हसली. बाईंनी आपली वाटी तिच्याकडं सरकवली.

त्याच सुमारास टाकी बिघडली. बिघडली म्हणजे दिसायला झकास होती. जंतू दाट वाढलेले, साखर संपलेली आणि आम्ल नावालाही नाही.

"फुकटे पाहुणे आहेत नुसते," मुख्य इंजिनिअर म्हणाले. "जेवले आणि झोपले."

हवेची गाळणी बदलली, वाफेची लाइन तपासली. "काही झालं की माझाच व्हॉल्व्ह," फिटर कुरकुरला, पण व्हॉल्व्हही उघडून पाहिला गेला. पुढच्या टाकीचं तेच झालं. मग वरून निरोप आला, आणखी एक टाकी वाया गेली तर हे खातं बंद. बाईंच्या टेबलाकडं कुणी पाहिलंही नाही. त्यांच्या हातावर सगळ्यांचा भरवसा होता.

शेजारच्या टेबलावर आम्ल मोजणारी तपासनीस बसते. ती काही मागायला आली आणि थबकली.

"ताई, हा का उचलला?"

"कुठला?"

"हा टपोरा."

बाईंनी सुईकडं पाहिलं, मग थाळीकडं. बारके ठिपके आजूबाजूला तसेच होते.

"हात जुन्या कारखान्यात गेला की काय तुमचा?" तपासनीस म्हणाली. मग हळूच विचारलं, "कधीपासून?"

"माहीत नाही."

बाईंनी सुई ज्योतीवर जाळून घेतली, थाळी झाकली आणि इंजिनिअरांच्या खोलीत जाऊन झालं ते सांगितलं.

"होतं असं," ते म्हणाले. "घरी एवढं घडलंय..."

"घरचं राहू द्या. या टाकीसाठी ठिपका मी उचलणार नाही."

"अहो, शेवटची टाकी आहे ही! मग कोण उचलणार?"

"तपासनीस. मी शेजारी बसते."

फ्रीझरमधल्या मूळ साठ्यातून नवी थाळी लावली. ठिपके उमटल्यावर तपासनीस सुई घेऊन बसली. बाई मांडीवर हात ठेवून शेजारी.

"हा?"

"नको. त्याच्या डावीकडचा बघ."

"हा की हा?"

बाई वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. "मला दोन्ही सारखेच दिसताहेत," त्या म्हणाल्या. "तू ठरव."

"ताई, घाबरवू नका हो!"

"घाबरवत नाही. खरंच सारखे दिसताहेत."

तपासनीसनं ओठ चावून एक उचलला.

टाकी भरली. या वेळी जंतू सावकाश वाढले आणि आम्ल आलं. फिटरनं आपल्या व्हॉल्व्हला नमस्कार केला. खातं वाचलं.

मुख्य इंजिनिअर बाईंना शोधत धुलाईच्या खोलीत आले. बाई फ्लास्क घासत होत्या.

"उद्यापासून सुई परत तुमच्या हातात."

"नको. तिलाच राहू द्या. मी इथं बरी आहे."

"रुसलात का?"

"नाही हो. रुसायला काहीतरी वाटावं लागतं."

ते आल्या वाटेनं परत गेले. काचेला चिकटलेला थर ब्रशनं निघेना, म्हणून बाईंनी गरम पाणी घेतलं.